आईच्या रक्तातलं अल्ब्युमिन

आई थर्माकोलचा खोका घेऊन रोह्याला आली, तेव्हा गणेश चतुर्थीला आठ दिवस उरले होते. गेटवरच्या वॉचमननं आत फोन केला, "ताई, तुमच्या आई आल्यात. मासळीचा खोका हाय बरोबर. आत सोडू का?" मी त्याच्यावरच खेकसले, की इथं मासळी चालत नाही हे तुला माहीत नाही का, बसव त्यांना बाकावर. त्या सकाळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. समोरच्या तपासणीच्या प्लेटमध्ये जिथं पिवळा रंग यायला हवा होता, तिथं स्वच्छ पाणी दिसत होतं. आणि तसं दिसायला लागून तीन आठवडे झाले होते. आईला कोलंबी आणायला नेमका आजचाच दिवस सापडला, असं पुटपुटत मी प्लेट पुन्हा यंत्रात सरकवली. खोक्यात मासळी नव्हतीच, हे मला अर्ध्या तासानं कळलं.

मी रोह्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. औषधं आणि रसायनं माणसाच्या यकृताला त्रास देतात का, हे आम्ही पेशींवर तपासतो. त्यासाठी माणसाच्या यकृतासारखं वागणाऱ्या पेशी लागतात, आणि त्या मोठ्या नाजूक. बाटलीत फार दिवस जगत नाहीत, जगल्या तर आपलं काम विसरतात. म्हणून आमच्या प्रमुख मॅडमनी एक जुनीच वाट पुन्हा धरली होती. उंदराच्या यकृताच्या गाठीतल्या पेशी घ्यायच्या, त्या वाटेल तेवढ्या वाढतात. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या. दोन्ही एकत्र करून वर एक रसायन घालायचं, की शेजारशेजारच्या पेशींची आवरणं एकमेकांत मिसळतात आणि दोन पेशींची एक होते. मग त्या एकाच पेशीत उंदराची सगळी गुणसूत्रं असतात आणि माणसाचीही.

यात गंमत अशी आहे. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीत यकृताची जनुकंही असतात. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळीच जनुकं असतात, पण जिचं जे काम, तेवढीच बोलतात आणि बाकीची गप्प असतात. अल्ब्युमिन हे रक्तातलं पाणी रक्तातच धरून ठेवणारं प्रथिन. ते बनवायचं काम यकृताचं, पांढरी पेशी ते जन्मात बनवत नाही. पण तिला उंदराच्या यकृताच्या पेशीत मिसळलं, की कधीकधी तिचं गप्प बसलेलं जनुक बोलायला लागतं. उंदराच्या अल्ब्युमिनबरोबर ती जोडपेशी माणसाचंही अल्ब्युमिन बनवते. कधीकधीच, सगळ्या नाही. शिवाय दुसरी एक भानगड आहे. अशी जोडपेशी जसजशी वाढते, तसतशी ती माणसाची गुणसूत्रं गाळत जाते. उंदराची ठेवते आणि माणसाची एकेक करून टाकून देते. कुठलं आधी जाईल याचा काही नेम नसतो.

रक्त कुणाचं घ्यायचं हा प्रश्न आदल्या हिवाळ्यात असा सुटला. ज्याचं ठरलं होतं, तो आमचा गाडीवाला नेमका तापानं आडवा झाला. उंदराच्या पेशी तयार होत्या, त्या थांबणार नव्हत्या. मी बाही वर केली, तर मॅडम ओरडल्या. ज्या पेशींवर आपण काम करतो त्यात आपलं स्वतःचं रक्त कधी वापरायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. चुकून सुई टोचली, तर तसल्या पेशीला शरीर परकं समजणार नाही आणि आत वाढू देईल. त्याच दिवशी आई पोह्याचे पापड घेऊन रोह्याला आली होती. बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होती.

"माझं घ्या की," ती म्हणाली. "दोन चमचं रगत तर पाहिजे."

तिला सगळं समजावून कागदावर सही घेतली. सही करताना तिनं विचारलं, "उंदराचा माणूस करणार, का माणसाचा उंदीर?" रक्त काढायला आलेले डॉक्टरसुद्धा हसले. घरी जाऊन तिनं बाबांना सांगितलं, तर बाबा म्हणे, "आपण हत्तीचं डोकं माणसाच्या धडावर बसवतोच. खाली उंदीर पण ठेवतो. पोरीनं नवीन काय केलं?"

बाबा मूर्तिकार. पेणजवळ, हमरापूरच्या बाजूला आमचा छोटा कारखाना आहे. मूर्ती घडवणारे, रंगवणारे तिकडे घरोघरी आहेत, पण बाबांचं काम आखणीचं, म्हणजे डोळे रंगवायचं. ते सगळ्यात शेवटी होतं आणि सगळ्यांना जमत नाही. आई खाडीकडची, मिठागरवाल्यांची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला ब्रश धरता येत नव्हता. ती मूर्तीला पॉलिश पेपर मारायला शिकली आणि आजही तेच करते. मला बाबांनी लहानपणी आखणी शिकवली होती. मी शिकलेही, आणि कॉलेजला गेल्यावर सोडूनही दिली.

आमच्या कारखान्यातली एक पद्धत इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. तिच्यामुळं आणि माझ्या जिभेमुळं. आखणी एकदा सुरू झाली, की शेवटची मूर्ती दाराबाहेर पडेपर्यंत घरात आजाराचं नाव काढायचं नाही. आजोबांपासून चालत आलेलं. कुणाला ताप आला तर "ऊन लागलंय" म्हणायचं, कंबर धरली तर "बसून अवघडलंय" म्हणायचं. डॉक्टरकडे जाऊन यायचं, गोळ्या घ्यायच्या, पण बोलायचं नाही. देवाचे डोळे उघडायच्या दिवसांत दुखणं त्याच्या कानावर घालायचं नाही, असं आजोबा म्हणत. लहानपणी मला याची मजा वाटायची, मोठेपणी राग यायला लागला. पण घरात गेले की मीही ते पाळायचे.

मे महिन्याच्या शेवटी आमच्या जोडपेशींतल्या एका वाणानं, सत्तावीस नंबरच्या बाटलीनं, माणसाचं अल्ब्युमिन बनवलं. प्लेटमधल्या बाकीच्या खळग्यांत काही नाही आणि सत्तावीसच्या खळग्यांत पिवळाधमक रंग. पेशींच्या अन्नात वासराचं रक्तद्रव असतं, त्यातलं अल्ब्युमिन तर आम्ही मोजत नाही ना, ही शंका मॅडमनी लगेच काढली. म्हणून मी पेशी दोन दिवस त्या द्रवाशिवाय ठेवून पुन्हा तपासलं. रंग आला. त्या संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांना वडे खाऊ घातले, आणि पुढच्या रविवारी मी छाती फुगवून घरी गेले.

बाबा स्टुलावर बसून आखणी करत होते. मुंबईला जाणाऱ्या मूर्ती निघायच्या होत्या. नेहमी बनियनवर बसणारे बाबा ढगळ शर्ट घालून बसलेले पाहून मी म्हणाले, "काय बाबा, साहेब झालात!" ते हसले. पाय जरा सुजलेले दिसले. विचारलं तर आई म्हणाली, "बसून अवघडलंय." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. आजही हे लिहिताना मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

"आई, तुझी पेशी कामाला लागली," मी जाहीर केलं. "माणसाचं अल्ब्युमिन बनवतेय!"

बाबांचा हात थांबला. आखणीच्या मध्यात ते कधी हात थांबवत नाहीत, रेघ तुटते. त्यांनी ब्रश बाजूला केला आणि आईकडं पाहिलं.

"काय बनवतेय म्हनालीस?"

"अल्ब्युमिन. यकृत बनवतं ते."

"आन ते माणसाचं? उंदराचं नाय?"

"माणसाचंच! तीच तर कमाल आहे."

"म्हंजे हिचं," बाबा आईकडं बोट करून म्हणाले.

"हो, आईचंच म्हणायचं."

"आन भरपूर कवा व्हईल?"

इतकी वर्षं माझ्या कामात कुणी एवढा रस घेतला नव्हता. मला भरूनच आलं. आमच्या तपासण्यांना पुरेल एवढ्या बाटल्या कधी भरतील, हे ते विचारताहेत असं मी धरून चालले. बाबांना तपासण्यांशी काय करायचंय, असा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

"गणपतीपर्यंत होईल," मी ठोकून दिलं.

बाबांनी मान हलवली आणि पुन्हा ब्रश उचलला. आई उठून चहा टाकायला गेली.

जुलैत रंग फिका पडायला लागला. आधी वाटलं, माझ्याच हातून काहीतरी चुकतंय. नवी रसायनं काढली, पुन्हा केलं. पुढच्या आठवड्यात आणखी फिका. पेशी छान दिसत होत्या, भराभर वाढत होत्या, आणि तेच वाईट होतं, कारण जी पेशी माणसाचं ओझं टाकून देते ती जास्त वेगानं वाढते आणि बाकीच्यांना मागं टाकते. अगदी सुरुवातीला पेशी गोठवून ठेवायच्या असतात. मी यशाच्या तोऱ्यात फक्त दोन कुप्या गोठवल्या होत्या. पहिली वितळवली ती जगलीच नाही. दुसरी जगली, पंधरा दिवस तिनं रंग दिला आणि मग तिचाही उतरला. मी शनिवारीही लॅबमध्ये जायला लागले. प्लेटवर शेवटचं आम्ल घातल्यावर रंग उमटायला काही क्षण लागतात, तेवढ्यात मी दुसरीकडं बघायचे.

मॅडमना मी सगळं खरं सांगत होते. त्या रागावल्या, पण पाठीशी राहिल्या. खोटं मी फक्त घरी बोलत होते.

कारण दर रविवारी आईचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, "किती झालं गो?" पूर्वी ती मी जेवले का विचारायची. आता हे. मी आधीच धुमसत असायचे, त्यात घरचंही हेच ऐकायला नको असायचं. शिवाय एवढ्या ऐटीत सांगून आल्यावर फसलं म्हणायची लाज. मी म्हणायचे, "होतंय, होतंय." ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, ज्याच्या आदल्या दिवशी सत्तावीस नंबरच्या खळग्यांत पहिल्यांदा अजिबात रंग आला नव्हता, त्या रविवारी तिनं विचारलं, "झालं काय गो?" मी वैतागून म्हणाले, "झालं, बाई, झालं! एकदा सांगितलं ना गणपतीपर्यंत!"

"बरं बरं," ती म्हणाली. "रागावू नको. गणपतीच्या तोंडावर मी येते मंग."

मला वाटलं, पापड घेऊन येते म्हणतेय.

तर त्या सकाळी अर्ध्या तासानं मी गेटवर गेले. आई बाकावर बसली होती. ठेवणीतलं पातळ, केस चापून बांधलेले. खोका मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरलेला. मला पाहताच उठली आणि झाकण उघडून दाखवलं. आत बर्फ होता आणि बर्फात रुतवलेली स्टीलची बरणी, फिरकीच्या झाकणाची.

"खोका साबणानं धुतलाय. वास नाय येत, बघ," ती म्हणाली. "बरणी उकळून घेतलीय दोनदा. गाडीला उशीर झाला, बरफ निम्मा गेला. आता बिगीबिगी दे. किती मिळंल?"

"काय मिळेल?"

"ते तुझं. अल्ब्युमिन." तिनं तो शब्द फार नीट उच्चारला. असा शब्द माणूस एकदा ऐकून म्हणत नाही. तो घोकलेला असावा लागतो.

"तुला ते कशाला पाहिजे, आई?"

तिनं वॉचमनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आखणी चालू होती. तिच्या मनानं अजून आजाराचं नाव काढायची वेळ झाली नव्हती. मी तिचा दंड धरून गदागदा हलवला, आणि मगच ती बोलली.

बाबांना जुनी कावीळ होती, मी लहान असताना झालेली. ती आतल्या आत यकृत खात राहिली. आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाचं पोट फुगायला लागलं, म्हणून त्यांनी लाजेनं ढगळ शर्ट घातले. मे महिन्यात पेणच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की अल्ब्युमिन फार कमी झालंय, ताबडतोब मुंबईला न्या. बाबा म्हणाले, आखणी झाल्यावर. आई भांडली. आजाराचं नाव न काढता जेवढं भांडता येतं तेवढं भांडली. आणि मग एका रविवारी मुलगी घरी आली आणि तोच शब्द घेऊन आली. आईच्याच रक्तातलं, माणसाचं, गणपतीपर्यंत भरपूर.

"हे म्हनाले, आता मुंबई कशाला? घरचंच येतंय. कुनाकुनाचं अंगात घालण्यापरीस तुझं बरं." आईचा आवाज अजूनही उत्साहाचाच होता. "मी पण म्हटलं, देवानंच धाडलं. म्हनून तर रगत घ्यायला मी नेमकी इथं व्हते."

मी जमिनीवर बसले, तिथंच, गेटच्या उन्हात. कसं सांगितलं ते मला धड आठवत नाही. औषध नाही, असं सांगितलं. ते माणसाला द्यायचं कधीच नव्हतं, एवढ्याशा बाटलीतलं, नुसतं तपासायचं, असं काहीतरी. आणि तेही आता नाही. आईनं झाकण लावलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती हिशेब लागत नसल्यासारखी माझ्याकडं बघत होती.

"पन तू झालं म्हनालीस," ती म्हणाली.

मॅडमनी गाडी काढली. मी पुढं बसले, आई मागं, खोका शेजारच्या सीटवर. नागोठणं मागं पडलं. हायवेला लागलो आणि गडबच्या अलीकडं गाड्या ठप्प. खड्डे, गणपतीला गावी निघालेली माणसं, ताडपत्रीखाली मूर्ती घेऊन चाललेले टेम्पो. इंजिनं बंद करून लोक खाली उतरले होते. मॅडमनी आईकडं बाबांची फाइल मागितली. ती आईच्या पिशवीतच होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. साच्यांच्या मागं लपवायची, आज बरोबर आणली होती, किती द्यायचं ते आम्हाला कळावं म्हणून. मॅडमनी एकेक पान उलटलं. त्यांचा चेहरा मी कडेनं बघत होते. त्यांनी फोन काढून मुंबईच्या एका डॉक्टर मैत्रिणीला लावला आणि कागदावरचे आकडे हळू आवाजात वाचून दाखवले. मग ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो, आजच. कळलं."

मी दार उघडून खाली उतरले आणि पुढं चालत जाऊन बघून आले. किती गाड्या आहेत हे बघून काय होणार होतं? पण आत बसवत नव्हतं. परत आले तेव्हा आई खोक्याचं भोक उघडून बर्फाचं पाणी रस्त्यावर सोडत होती, गाडी ओली होऊ नये म्हणून.

घरी पोचलो तर बाबा स्टुलावरच होते. शर्टाची खालची बटणं उघडी होती, आईबरोबर मीही येईन असं त्यांना वाटलं नव्हतं. पोट मी पहिल्यांदा पाहिलं. हात काड्यांसारखे आणि त्यात ब्रश. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता, आणि मी तो रंग दोन महिने रोज प्लेटवर शोधत होते.

"मिळालं?" त्यांनी आईला विचारलं.

"नाय," आई म्हणाली. "मुंबईला जायचंय. आता."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हात जोडले, बाबांना कधी जोडत नाही तसे. "बाबा, चुकलं माझं. ते औषध नाही. कधी होणारही नव्हतं. चला."

मग त्यांनी फळीकडं बोट केलं. गावातल्या घरच्या मूर्ती, वर्षानुवर्षं आमच्याकडूनच नेणाऱ्यांच्या, सहा राहिल्या होत्या. अंग रंगलेलं, दागिने झालेले, डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा.

"ह्ये असं टाकून जायचं नाय. मी नाय येणार."

मी किंचाळलेच. सहा मूर्तींसाठी मरणार आहात का, असं काहीतरी बोलले. कारखान्यात त्या दिवसांत मरणाचं नाव मी काढलं आणि आईनं कानांवर हात ठेवले. बाबा चिडले नाहीत. मॅडमनी बोलावलेली ॲम्ब्युलन्स पेणहून निघाली होती, तीही त्याच हायवेवर अडकली असणार. बाबांनी ब्रश पुढं केला, माझ्यासमोर.

"मंग तू कर," ते म्हणाले. "गाडी येईतो."

बारा वर्षं मी ब्रश धरला नव्हता. पहिल्या मूर्तीसमोर बसले, ब्रश रंगात बुडवला. बाबा मागं बसून सांगत होते, श्वास सोड, मग टेक, मधी श्वास घेऊ नको. वरची रेघ आधी. पहिला डोळा झाला. दुसरा त्याच्या जोडीचा करायचा असतो, तिथंच सगळी कसोटी. कुठून कोण जाणे, मनगट वळायचं तसं वळलं. शिकलेलं इतकी वर्षं गप्प होतं आणि त्यांच्या शेजारी बसल्यावर बोलायला लागलं. मला सत्तावीस नंबर आठवला आणि रडू आलं. बाबा ओरडले, "डोळं पूस आधी, रंगात पानी पडंल."

तिसऱ्या मूर्तीच्या एका डोळ्याची बाहुली जरा वर गेली. मी पुसायला निघाले तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जे नेतील त्यांच्याकडं बघतोय तो." चौथी झाली, पाचवी झाली. बाहेर हॉर्न वाजला तेव्हा सहावीचा एक डोळा बाकी होता. ड्रायव्हर दारात येऊन घाई करत होता, आई चादर घेऊन उभी होती. बाबांनी माझ्या हातातून ब्रश घेतला. त्यांचा हात कापत होता. त्यांनी श्वास सोडला, हात कापायचा थांबला आणि रेघ आली, एका झटक्यात, पुरी. मग ते स्वतःहून उठले.

बाबा मुंबईहून घरी आले नाहीत. अठरा दिवस ते वॉर्डात होते. तिथले डॉक्टर म्हणाले, पोटातल्या पाण्यात जंतू झालेत, मूत्रपिंडं थकलीत, महिनाभर आधी आणायला हवं होतं. ते सगळ्याच नातेवाइकांना असं म्हणत असतील. पण तो महिना कुणी घालवला, हे मला त्यांना विचारायची गरज नव्हती.

त्या अठरा दिवसांतला दुसरा दिवस मात्र सांगायचा राहतो. बाबांच्या उशाशी काचेची बाटली टांगली होती, आत फिकट पिवळं औषध. आईनं विचारलं, ह्ये काय? मी लेबल वाचलं. माणसाचं अल्ब्युमिन. आई स्टूल सरकवून बाटलीच्या अगदी जवळ गेली.

"ह्ये कुनाच्या रगतातलं?"

"माहीत नाही. खूप लोकांच्या. ज्यांनी दिलं त्यांच्या."

तिनं बाटलीला हात जोडले. बाबा झोपले होते. थेंब पडत होता, ती त्याच्याकडं बघत राहिली.

"आन माझं जे व्हतं तुझ्याकडं, त्याचं काय झालं?"

मी पहिल्यांदा तिला खरं आणि पुरतं सांगितलं. तुझी पेशी खरंच शिकली होती, दोन महिने तिनं ते बनवलं. मग उंदराच्या पेशीनं तुझं एकेक गुणसूत्र टाकून दिलं. आम्ही गुणसूत्रांना रंग देऊन मोजलं, तेव्हा तुझं एकच शिल्लक होतं, ज्याच्यावाचून ती पेशी आमच्या बाटलीत जगूच शकत नाही तेवढं. बाकी गेलं.

"हे तुला कवा कळलं?"

"ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी."

तिनं बोटांवर मोजलं. शनिवार, मग रविवार, फोन केला तो. पुढं मोजलं नाही. पदरानं बाबांच्या कपाळावरचा घाम टिपला आणि माझ्याकडं न बघता, आवाज न चढवता म्हणाली,

"तवाच सांगायचंस गो. मी ह्यांना तवाच आणलं असतं."